बाबांचा डावा डोळा

आईचा फोन आला तेव्हा मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा संपवत होते. लातुरातल्या एका खाजगी क्लाससाठी मी जीवशास्त्राचे सराव पेपर काढते आणि तपासते. शिकवायलाही विचारलं होतं, मी नको म्हणाले.

आई फोनवर मुद्द्याचं शेवटी सांगते. आधी मुखेडच्या बाजारात मेथी कशी आली होती, शेजारच्यांच्या सुनेचं काय झालं, मी वेळेवर जेवते की नाही, आणि मग आत्ताच आठवल्यासारखं, "तुझ्या बाबानं काल मोटरसायकल गेटला घासली."

बाबा फौजेत ड्रायव्हर होते. बर्फाच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं त्यांनी मोठे ट्रक चालवले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमच्या गेटमधून ट्रॅक्टर आरामात आत येतो.

"कशी काय घासली?" मी विचारलं.

"डाव्या डोळ्यात कचरा गेलाय म्हणतेत. आठवडा होऊन गेला, कचरा काय निघंना. मी पदराच्या टोकानं बघितलं, काहीच न्हाई. तू बोल. माझं ऐकत न्हाईत."

बाबा फोनवर आले. वायरलेसवर निरोप दिल्यासारखं ते फोनवर बोलतात. "काही न्हाई. थोडं काळं येतंय. खालून वर."

"पडद्यासारखं?"

"हाव, पडद्यासारखंच. पण पडदा वरून पडतो. ह्यो खालून चढून राहिलाय." थोडं थांबून म्हणाले, "आधी ठिणग्या दिसायच्या. आता त्या बंद झाल्या." ठिणग्या बंद झाल्या ही त्यांच्या मते सुधारणा होती.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. त्याची आकृती मी दर वर्षी पेपरात देते. भिंतीला चिकटवलेला कागद ओल आल्यावर सुटावा तसा तो पडदा सुटत चालला की माणसाला असंच दिसतं. सुटणं मध्यापर्यंत पोचायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचते. मध्य सुटला की जितका उशीर होईल तितकं कमी परत येतं. फोन ठेवल्यावर मी हे पुन्हा वाचून खात्री करून घेतली आणि परत फोन लावला. मी म्हणाले, सरळ लातूरला या, इथे मोठ्या हॉस्पिटलात दाखवू.

"कामून? आपला दवाखाना हाय की नांदेडला."

आपला दवाखाना म्हणजे माजी सैनिकांसाठीचा सरकारी दवाखाना. तिथे तपासतात, बीपी-शुगरच्या गोळ्या देतात, आणि मोठं काही असलं तर ठरलेल्या खाजगी हॉस्पिटलांपैकी एकाच्या नावे चिठ्ठी देतात. चिठ्ठी असली की खर्च सरकारचा. तातडीच्या वेळी चिठ्ठीशिवायही दाखल होता येतं असा नियम आहे, तो मी त्यांना वाचून दाखवला. ते म्हणाले, तातडी म्हणजे छातीत दुखणं, ॲक्सिडेंट. डोळ्याला कसली तातडी. चिठ्ठीशिवाय जाणं त्यांच्या हिशेबात रजा मंजूर न होता युनिट सोडण्यासारखं होतं. मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लातूरहून आणि ते दोघं मुखेडहून नांदेडला पोचलो आणि बस स्टँडवर भेटलो. बाबांनी पांढरा शर्ट खोचलेला होता आणि बुटांना पॉलिश केलं होतं. डावा डोळा बाहेरून अगदी चांगला दिसत होता.

दवाखान्यात टोकन घेऊन आम्ही बसलो. बाकांवर बहुतेक साठीच्या पुढचे पुरुष, त्यांच्या बायका आणि काही विधवा. मी लहानपणापासून अशा ठिकाणी बसत आलेय. या माणसांना ओळखायला टोपी किंवा बिल्ला लागत नाही. कुणी टेकून बसत नाही आणि नाव पुकारलं की सगळे जरा जास्तच जोरात 'हजर' म्हणतात.

आमचा नंबर जवळ आला होता तेव्हा काठी टेकत एक वयस्क गृहस्थ आत आले. बाबा ताडकन उठले.

"जय हिंद, साहब."

"जय हिंद, जय हिंद. बैठो, बैठो." असं म्हणत ते बाबांच्याच जागेवर बसले. हिमायतनगरकडचे होते, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बाबांची आणि त्यांची एका युनिटमध्ये कधी भेट झाली नव्हती, फक्त याच बाकांवरची ओळख. थोड्या वेळाने बाबांनी आपलं टोकनही त्यांना दिलं आणि त्यांचं मागचं घेतलं.

माझ्या शेजारी बसलेल्या आजीने मला कोपराने ढोसलं. "तुझा बाप का?"

"हो."

"टोकन बी देऊन टाकलं की गं माय. हितं काय परेड हाय?"

सुभेदारांनी ते ऐकलं. "आवो आजी, मी त्याला बस म्हणलो."

"तुमी बस म्हणलाव आन् तुमीच बसलाव."

आजूबाजूचे हसले. सुभेदारही हसले, पण उठले नाहीत. बाबा जमिनीकडे बघून हसत होते.

"माझा मालक असाच," आजी मला म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "सुभेदार आला, उठ. कॅप्टन आला, उठ. उठून उठून गेला बिचारा. आता त्याच्या जागेवर मी बसते, आन् कुणाच्या बापासाठी उठत न्हाई."

आई म्हणाली, "बरोबर हाय तुमचं." ती बाबांकडे बघत नव्हती. मी घड्याळ बघत होते. पडदा खालून वर चढत असताना आम्ही एक नंबर मागे गेलो होतो, आणि हे कुणाला कसं सांगायचं ते मला कळत नव्हतं.

डोळे तपासायची खोली लांबट होती. एका टोकाला स्टूल, दुसऱ्या टोकाला उजेडाच्या पेटीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता. सगळ्यात वर एक मोठं अक्षर, मग प्रत्येक ओळीत अक्षरं लहान होत जातात. तपासणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. बाहेर रांग होती, तिला घाई होती. मी दाराशी उभी राहिले.

उजवा डोळा चांगला निघाला. मग तिने बाबांना उजवा डोळा झाकायला सांगितला. त्यांनी तो पंजाने नीट झाकला, कुठे फट नव्हती. तिने पट्टी वरच्या अक्षरावर ठेवली आणि बाबा वाचायला लागले. एका लयीत, न अडखळता, ओळीमागून ओळ. मध्येच तिने एक ओळ गाळून पट्टी खालच्या ओळीवर नेली. बाबांनी गाळलेली ओळ वाचली, आणि मग पट्टी होती ती. मुलगी तोपर्यंत कागदावर लिहायला वाकली होती. "छान आहे हो काका," ती म्हणाली, "चष्म्याची पण गरज नाही."

"थँक्यू मॅडम," बाबा म्हणाले. ते खरंच खूश दिसत होते.

मला आधी समजलंच नाही. बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसलो तेव्हा मी तो प्रसंग मनात परत लावून बघितला. ज्याला खालून अर्धं काळं दिसतंय त्याला सगळ्यात खालच्या ओळी अशा न अडखळता वाचता येणार नाहीत. आणि जी ओळ कुणी दाखवलीच नाही ती कुणी वाचत नाही. बाबांना तक्ता पाठ होता. का पाठ होता हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आईला मी हळूच सांगितलं. ती म्हणाली, "मग सांग की डॉक्टरला." तिने ते इतक्या सहज म्हटलं, जणू तसं सांगणं मला जमतं.

डॉक्टर फौजेतूनच निवृत्त झालेले मोठे अधिकारी होते, बाहेरच्या राज्यातले. बाबा आत जाऊन सावधान उभे राहिले. दोन्ही अंगठे पँटच्या शिवणीवर.

"कैसे हो, हवालदार?"

"बढ़िया, साहब."

"बैठो. आँख में क्या तकलीफ है?"

"कुछ खास नहीं, साहब. थोड़ा धुंधला."

डॉक्टरांनी तपासणीचा कागद बघितला. "नज़र तो जवानों जैसी है. मोतियाबिंद शुरू हो रहा होगा. यहीं नांदेड का लिख देता हूँ, अगले महीने तक नंबर लग जाएगा."

"जी, साहब."

ते लिहायला लागले. अगले महीने हे शब्द मी ऐकले. बाबा खुर्चीच्या कडेवर ताठ बसले होते, काम झालं अशा चेहऱ्याने. ते इथे डोळा दाखवायला आले होते आणि तो कसा चांगला आहे हे सिद्ध करून परत निघाले होते.

मी बोलले. मोठ्या माणसांशी बोलायची वेळ आली की माझ्या तोंडून इंग्रजीच येतं. शाळेत शिक्षकांशी दुसऱ्या भाषेत बोलायची परवानगी नव्हती. मी म्हणाले की यांनी तक्ता वाचलेला नाही, म्हटलेला आहे. यांना आधी ठिणग्या दिसत होत्या, आता आठवड्याहून जास्त दिवस खालून काळा पडदा वर येतोय, आणि हे तुम्हाला सांगणार नाहीत. डॉक्टर म्हणाले, जरा मोठ्याने बोल बेटा. मग मला ते सगळं पुन्हा बोलावं लागलं, मोठ्याने.

बाबांना इंग्रजी हुकुमांपुरतं येतं. पण तक्त्याचा शब्द त्यांना कळला असणार. ते समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

"हवालदार, बेटी क्या कह रही है?"

"बच्ची है, साहब. डर गई है."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला म्हणाले, "इनकी दाहिनी आँख तुम ढको. हथेली से."

मी बाबांच्या मागे उभी राहून त्यांच्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. त्यांच्या चेहऱ्याला मी कितीतरी वर्षांत हात लावला नव्हता. पापण्या माझ्या हाताखाली उघडझाप करत होत्या.

"कितनी उंगलियाँ हैं?"

बाबा थोडं थांबले. "दो, साहब."

डॉक्टरांचे दोन्ही हात टेबलावर होते, कागदावर.  ते हळू आवाजात म्हणाले, "मैंने हाथ उठाया ही नहीं."

मी हात लगेच काढला नाही. काढला असता तर बाबांना ते टेबलावरचे हात दिसले असते.

त्यानंतर डॉक्टरांनी खूप भराभर कामं केली. बॅटरी घेऊन डोळ्यात बघितलं, आधीचा कागद फाडला. पडद्याचं ऑपरेशन करणारे सर्जन त्यांच्या यादीत नांदेडला त्या वेळी कुणी नव्हते, लातूरच्या एका हॉस्पिटलात होते. संगणकावरून चिठ्ठी पाठवायची तर नेटवर्क गेलेलं. त्यांनी हाताने चिठ्ठी लिहिली, वर 'तातडीचे' असं लिहून शिक्का मारला, लातूरला फोन केला आणि नेटवर्क आलं की संगणकावरूनही पाठवतो म्हणाले. जाताना बाबांना म्हणाले, "पेंशन कोई छीनने वाला नहीं है तुम्हारी. अब तो सच बोला करो."

"जी, साहब," बाबा म्हणाले.

लातूरच्या बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. खिडकी त्यांच्या डाव्या हाताला होती. एरवी बसमध्ये ते समोरचा रस्ता बघत पायाने अदृश्य ब्रेक दाबत असतात. त्या दिवशी पाय हलला नाही. अहमदपूरला बस थांबली तेव्हा आई पाण्याची बाटली घ्यायला उतरली, आणि बाबा पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"साहेबासमोर असं न्हाई बोलायचं."

"कसं?"

"खालच्यानं वरच्यासमोर आपल्या माणसाला खोटं पाडायचं न्हाई."

आई मागून आली होती. "तुमी खोटं बोललाव म्हणून पडलाव. पोरीनं कशाला पाडावं?" तिने बाटली त्यांच्या हातात दिली. "प्या. आन् तिकडं गेल्यावर तरी तोंड उघडा."

लातूरच्या हॉस्पिटलात सरकारी योजनांच्या रुग्णांसाठी वेगळी खिडकी होती, जिन्याखाली. खिडकीतल्या माणसाने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. तो उद्धट नव्हता, दमलेला होता.

"ऑनलाइन दिसत नाही. हाताची चिठ्ठी चालत नाही."

"त्यांनी फोन केलाय," मी म्हणाले.

"मला नाही केला. उद्या या. मंजुरी आली की नंबर लावतो. तसेही सर्जन परवा येणार."

"ठीक आहे, साहेब," बाबा म्हणाले. खिडकीतल्या माणसालाही ते साहेब म्हणत होते. "उद्या येऊ." आणि ते वळलेसुद्धा.

मी तिथेच उभी राहिले. ऑपरेशन नंतर ठरवा, पण आत्ता कुणी डोळा फक्त बघू शकेल का, असं विचारलं. बघायला मंजुरी लागते का? तो म्हणाला, नुसतं बघायला नाही लागत, साधा केसपेपर काढा. हे त्याने आधी सांगितलं नव्हतं कारण कुणी विचारलं नव्हतं.

ड्यूटीवर एक तरुण डॉक्टर होती. तिने बाबांना काही विचारलं नाही. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले, थोडा वेळ बसवलं आणि मग कपाळाला दिवा लावून, हातात भिंग धरून बराच वेळ डोळ्यात बघत राहिली. बाबांनाही काही सांगावं लागलं नाही. नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली की मध्य नुकताच सुटलाय, किंवा आत्ता सुटतोय. मग ती स्वतः जिना उतरून खिडकीपाशी गेली. त्यांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. परत आली तेव्हा म्हणाली, दाखल करून घेतो.

दाखल झालो म्हणून लगेच काही झालं नाही. मंजुरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. सर्जन त्याच्या पुढच्या दिवशी आले आणि त्यांच्या यादीत बाबांचं नाव शेवटी लागलं. मधल्या वेळात बाबांना सांगितल्या कुशीवर पडून राहायचं होतं. ते तसे पडून राहिले, अजिबात न हलता. नर्स म्हणाली, असा पेशंट बघितला नाही. आई म्हणाली, हुकूम दिला की असंच असतं त्यांचं.

ऑपरेशननंतर सर्जन बाहेर आले. पडदा बसवलाय म्हणाले, आत वायूचा फुगा सोडलाय, तो पडद्याला दाबून धरील. "चार दिवस आधी आणलं असतं तर मध्य वाचला असता. आता किती परत येतं ते बघायचं." माझ्याकडे बघून त्यांनी हे सांगितलं आणि हात पुसत ते गेले. चार दिवस आधी बाबा मुखेडला डोळ्यात पाणी मारत होते. हिशेब तिथेच थांबत नव्हता, पण मी तो पुढे केला नाही.

वायूचा फुगा वर चढतो. तो डोळ्याच्या मागच्या बाजूला टेकून राहावा म्हणून माणसाने तोंड खाली करून राहायचं असतं, खाताना, झोपताना, दिवसभर. मुखेडपर्यंतचा प्रवास नको म्हणून बाबा आणि आई माझ्या भाड्याच्या खोलीत राहिले. बाबा खाटेवर पालथे, कपाळ दोन उशांच्या फटीत, नजर फरशीवर. चहा स्ट्रॉने. आई खाली बसून कप धरायची.

"आयुष्यभर मान ताठ ठेवून चालले," ती म्हणायची, "आता बसा फरशी बघत. कुठं झाडायचं राहिलं असंल तर सांगा."

"तिकडं कोपऱ्यात केस हाय," बाबा खालूनच म्हणायचे.

एक दुपार आई भाजीला गेली होती आणि मी त्यांच्या उशापाशी फरशीवर बसून पेपर तपासत होते. आम्ही दोघं एकमेकांसमोर बसून फारसं बोलत नाही. पण त्यांचा चेहरा उशांमध्ये होता आणि माझा कागदावर. मी विचारलं, "तक्ता कधी पाठ केला?"

 ते फरशीकडे बघतच सांगायला लागले.

त्यांच्या युनिटमध्ये एक ड्रायव्हर होता, बिहारचा. बाबांचा जोडीदार. वर्षाच्या तपासणीत त्याने डॉक्टरला खरं सांगितलं की दिवस मावळताना समोरचं नीट दिसत नाही. त्याची मेडिकल कॅटेगरी उतरवली. गाडी काढून घेतली आणि स्टोअरमध्ये ब्लँकेटांच्या हिशेबाला बसवलं. बढती थांबली. त्याच्या मागून आलेली पोरं नाईक झाली, हवालदार झाली, तो ब्लँकेटं मोजत राहिला आणि वेळेआधी घरी गेला.

"त्याच्यानंतर आमच्या बराकीत सगळ्यांनी तक्ता पाठ केला," बाबा म्हणाले. "एकानं कागदावर उतरवून आणला. आपण वंदना म्हणतो ना, तसं रोज म्हणायचो, एकानं सुरू केलं की बाकीच्यानं. डोळे चांगले होते तरी म्हणायचो. काय सांगावं."

"पण आता तर तुम्ही रिटायर झालात. आणि आपण बरं व्हायला गेलो होतो."

"हाव." थोड्या वेळाने म्हणाले, "ते ध्यानातच न्हाई आलं. तक्ता समोर आला आन् तोंड सुरू झालं. बाहेर आलो तवा वाटलं, पास झालो."

मी पुढची उत्तरपत्रिका घेतली. त्यांनी विचारलं, "तुला कसं कळलं?" मी गाळलेल्या ओळीचं सांगितलं. ते उशीत हसले. "युनिटमधी असतीस तर सगळ्यांची कॅटेगरी उतरली असती."

फुगा हळूहळू विरला. बाबांना मान वर करायची परवानगी मिळाली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझी खोली नीट बघितली आणि म्हणाले, पंखा हलतोय, स्क्रू कसायला पाहिजे. उजव्या डोळ्याने बघितलं की डाव्याने, ते मी विचारलं नाही.

पुढच्या तपासणीला आम्ही दोघंच गेलो. नव्या तपासणीसाठी पुन्हा नांदेडची चिठ्ठी लागत होती, ती या वेळी संगणकावर वेळेत दिसली. जिन्याखालचा माणूस म्हणाला, "आली बघा तुमची." सर्जनने भिंगातून बघितलं, पडदा जागेवर आहे म्हणाले. मग उजवा डोळा झाकून त्यांनी बाबांना विचारलं, "कसं आहे काका? दिसतंय का नीट?"

बाबांचे अंगठे पँटच्या शिवणीवर गेलेले मी बघितले. मी दाराशी होते. या वेळी बोलायचं नाही असं ठरवून आले होते, आणि तरी काय बोलायचं याची वाक्यं मनात जुळवत होते.

"न्हाई, साहेब," बाबा म्हणाले. "नीट न्हाई दिसत."

"काय होतंय?"

"तुमचं तोंड वाकडं दिसतंय. दाराची चौकट मधीच मोडल्यावानी दिसती. वाचता येत न्हाई. माणूस आलेला कळतो, कोन हाय ते कळत न्हाई."

सर्जन लिहीत होते. म्हणाले, वाकडेपणा काही महिन्यांत थोडा कमी होईल. वाचण्याइतकी नजर या डोळ्याला बहुधा येणार नाही. आहे ते टिकेल. रात्री गाडी चालवू नका. बाबांनी मान हलवली. त्यांना हे आधीच कळलेलं असावं.

"आणखी काही?" सर्जनने सवयीने विचारलं असणार.

"हाव, साहेब. उजवा गुडघा. जिना उतरताना धरून येतो. आन् पायाला रात्री मुंग्या येतेत. आन् ह्या कानानं," त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं, "ऐकू येत न्हाई. रस्ता फोडताना सुरुंग जवळ उडाला होता. तवापासून."

"कधीची गोष्ट?"

"ही दुसरीत होती," बाबा माझ्याकडे बोट करून म्हणाले.

सर्जन हसले. "काका, मी फक्त डोळे बघतो. कानाचं आणि गुडघ्याचं तुमच्या दवाखान्यात सांगा. पण सांगा."

"सांगतो, साहेब."

कानाचं मला माहीत नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं, हे तिला नंतर विचारल्यावर कळलं. तिचा आवाज मोठा आहे. माझा नाही. मुखेडच्या घरी जेवताना माझी जागा बाबांच्या उजव्या हाताला असायची. मी काही विचारलं की ते बऱ्याचदा जेवत राहायचे. त्यांना उत्तर द्यायचं नसेल असं मी धरून चालले होते, आणि हळूहळू विचारणं कमी केलं होतं. यात कुणावर रागवावं असं काही नव्हतं. मी फक्त किती वर्षं झाली याचा अंदाज करत जिना उतरले.

हॉस्पिटलबाहेर रस्त्यावर गर्दी होती, क्लास सुटण्याची वेळ होती. मी नेहमीसारखी त्यांच्या उजवीकडे चालत होते. मग वळसा घालून डावीकडे आले. पण त्या बाजूच्या डोळ्याला कुणीतरी आहे एवढंच कळत होतं, मी आहे हे नाही. दोन-चार पावलांनी ते थांबले आणि मला शोधायला मान फिरवली.

"इकडे आहे," मी म्हणाले.

"तिकडं कामून गेलीस?"

"इकडून ऐकू येतं ना."

 आम्ही पुन्हा चालू लागलो. मी डावीकडेच राहिले आणि जे जे येत होतं ते सांगत गेले. रिक्षा येतेय. पायरी आहे. इथे पाणी साचलंय. मुलांचा घोळका आहे, थांबा. त्यांच्या दवाखान्यात कानासाठी कोणत्या दिवशी जायचं, हेही विचारलं.

"सोमवारी," बाबा म्हणाले. "कानाचा डॉक्टर सोमवारी येतो. तू येशील का?"

"येईन."

"मग बोलू नको लगेच. आधी मला बोलू दे."